३५ मिमी कुठून येतात? छोट्या गाडीला लोअरिंग स्प्रिंग बसवताना

लोअरिंग स्प्रिंगच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: ३० मिमी, ३५ मिमी, ४० मिमी. गाडी किती खाली बसणार ते त्यावरून कळतं, पण तो आकडा कशातून वजा होणार हे खोकं सांगत नाही. तो वजा होतो चाकाला वर सरकायला असलेल्या जागेतून. उंचवटा आला की चाक बॉडीच्या दिशेने वर येतं, आणि तेवढ्यासाठी कारखान्याने काही अंतर राखून ठेवलेलं असतं. समजा एखाद्या हॅचबॅकमध्ये ते ८० मिमी आहे. त्यातून ३५ गेले की ४५ उरतात. बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल शेवटी थोपवणारा फोमचा तुकडा) किती कापायचा, शॉक (स्प्रिंगचे झोके थांबवणारे तेलाचे दट्टे) तेच चालतील का, बुशचे (सांध्यांतल्या रबराचे) बोल्ट कधी आवळायचे, हे सगळे प्रश्न या वजाबाकीतूनच निघतात. खाली लिहिलेलं सगळं पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि त्याभोवती स्प्रिंग असा एकच खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा, पीळ घेणारा बीम) असलेल्या गाडीसाठी आहे. बहुतेक छोट्या गाड्यांची रचना हीच असते.

आधी थोडं गणित करू. पुढच्या एका कोपऱ्यावर सस्पेन्शनच्या वरचं वजन २७५ किलो आणि मूळ स्प्रिंगचा रेट (ती एक मिमी दाबायला लागणारा जोर) २० न्यूटन प्रति मिमी धरा. गाडी नुसती उभी असताना ही स्प्रिंग सुमारे १३५ मिमी दबलेली असते. नव्या स्प्रिंगचा रेट २६ असेल तर तेवढ्याच वजनाखाली ती १०४ मिमीच दबेल. म्हणजे लांबी तीच ठेवली असती तर गाडी ३१ मिमी वर उचलली गेली असती. ती ३५ मिमी खाली आणायची तर मोकळ्या स्प्रिंगची लांबी ३१ अधिक ३५, म्हणजे ६६ मिमी कमी हवी. नवी स्प्रिंग जुनीच्या शेजारी उभी केल्यावर भलतीच आखूड दिसते ती यामुळे. चुकीचा माल आला असं समजून परत पाठवण्याआधी पार्ट नंबर तपासा.

रेट वाढवण्याला पर्याय नसतो. राहिलेल्या ४५ मिमीत तोच खड्डा पचवायचा असेल तर प्रत्येक मिलिमीटरने जास्त विरोध करायला हवा. रेट न वाढवता नुसती उंची कमी केली तर गाडी ऊठसूट बंप स्टॉपवर आदळते. काही स्वस्त स्प्रिंगांचा रेट मूळ स्प्रिंगइतकाच असतो आणि त्या ‘आरामदायी’ म्हणून विकल्या जातात. सपाट रस्त्यावर त्या खरंच आरामदायी वाटतात. चार माणसं बसली की खरं काय ते कळतं.

आता उलटी बाजू. जॅकवर गाडी उचलली की चाक खाली लोंबतं आणि शॉक पूर्ण उघडतो. मूळ उंचीपासून चाक ८० मिमी खाली जात असेल, तर त्या स्थितीतही मूळ स्प्रिंग ५५ मिमी दबलेली असते, त्यामुळे जागची हलत नाही. शॉक तोच ठेवून गाडी ३५ मिमी खाली आणली, तर नव्या उंचीपासून चाक ११५ मिमी लोंबू शकतं, पण नवी स्प्रिंग दबलेली आहे १०४ मिमी. म्हणजे ११ मिमी मोकळी जागा पडणार आणि स्प्रिंग बैठकीत खुळखुळणार. चांगल्या स्प्रिंगच्या एका टोकाला दोन-तीन वेढे जवळजवळ घातलेले असतात ते याचसाठी. हे मऊ वेढे गाडी उभी असताना एकमेकांना टेकून बंद झालेले असतात, आणि चाक लोंबलं की उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. त्यामुळे ते वेढे टेकलेले दिसले तर तो दोष नाही. सरळ रेटची, म्हणजे असे मऊ वेढे नसलेली, स्प्रिंग घेणार असाल तर मात्र शॉकही आखूड हवा.

मूळ स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापून गाडी खाली करण्याचा जुगाड अजूनही चालतो. वेढे कमी झाले की रेट वाढतो हे खरं. पण कापलेल्या टोकाला बैठकीत बसणारा आकार उरत नाही, लोंबलेल्या स्थितीत स्प्रिंग धरून ठेवणारे मऊ वेढे नसतात, आणि कापताना तापलेल्या भागाचं पाणी उतरतं. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर मोडीतच घालावी.

शॉकचं काय? रेट २० वरून २६ झाला की त्या कोपऱ्याची झोक्याची गती सेकंदाला सुमारे १.३६ वरून १.५५ होते. ती आधीइतक्याच झोक्यांत थांबवायला शॉकचा रोध साधारण १४ टक्क्यांनी वाढायला हवा, आणि तोही मुख्यतः उघडतानाचा. मूळ शॉक तसा जुळवलेला नसतो. २५-३० मिमीपर्यंत आणि शॉक चांगल्या स्थितीत असेल तर फरक सोसवतो. ३५-४० मिमीला, किंवा शॉकने ६०-७० हजार किलोमीटर पाहिलेले असतील तर, त्याच कामात नवे शॉक टाकून घ्यावेत, कारण उलगडायची मेहनत तीच असते. जुन्या शॉकवर कडक स्प्रिंग चढवली की गाडी उंचवट्यानंतर एकदा जास्तच उसळते, आणि दोष मात्र नव्या स्प्रिंगला दिला जातो.

४० मिमीच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण दिसण्यापेक्षा वेगळं आहे. मूळ उंचीवर पुढचा लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा हात) जवळपास आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो चाकाकडे चढता होतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये आर्मच्या या कलामुळे रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) झपाट्याने खाली जातं, अनेकदा बॉडी जितकी खाली आली त्याहून जास्त. म्हणजे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढतं आणि वळणावर बॉडी झुकवणारा जोर उलट वाढतो. स्प्रिंगच्या कडकपणातला काही भाग हे नुकसान भरून काढण्यातच खर्च होतो. त्यातच टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचा) कल आर्मशी जुळेनासा होतो आणि खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप हलू लागतं. ३० मिमीला हे जेमतेम जाणवतं, ५० मिमीला सतत जाणवतं.

मागच्या उंचीचा विचार वेगळा करा. मागे माणसं आणि सामान मिळून मागच्या प्रत्येक चाकावर ७५ किलो वाढले आणि चाकापाशी रेट २२ असेल, तर मागची बाजू आणखी ३३ मिमी खाली जाते. म्हणून कुटुंबाच्या वापरातल्या गाडीला मागे पुढच्यापेक्षा थोडं कमी उतरवणारा संच बरा. आणखी एक गैरसमज: स्प्रिंग बदलल्याने टॉर्शन बीमचं किंवा लोअर आर्मचं चाकाकडचं टोक जमिनीच्या जवळ येत नाही, ते चाकाबरोबर असतात. खाली येतात ते ऑइल सम्प, एक्झॉस्ट, बंपरची कड आणि दारांखालची पट्टी. आपल्या गाडीत आज सर्वांत खाली काय आहे ते आधी वाकून पाहा.

उलगडण्यापूर्वी

गाडी सपाट जमिनीवर उभी करा, हवा योग्य, टाकी अर्धी, आत कोणी नाही. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून चारही आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने तो आकडा बदलतो. डाव्या-उजव्यात आधीच ६-८ मिमी फरक असेल तर एखादी जुनी स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली असू शकते. काम झाल्यावर हेच चार आकडे निकाल सांगतात.

सुटे भाग स्प्रिंगपुरते मागवू नका. स्ट्रट एकदा उलगडल्यावर वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग, वरचे-खालचे रबर पॅड, डस्ट कव्हर, बंप स्टॉप हे सगळं हातात येतं. बेअरिंग बोटांनी फिरवल्यावर खरखरत असेल किंवा माउंटच्या रबराला भेगा असतील तर ते तेव्हाच बदला. स्ट्रटच्या मधल्या दांड्याचा नट नवा घ्या. नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट काही गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं. स्टॅबिलायझर लिंकचे (बॉडीचा झुकाव कमी करणाऱ्या बारला स्ट्रटशी जोडणाऱ्या छोट्या दांडीचे) नट गंजाने असे धरलेले असतात की अनेकदा लिंक कापूनच काढावी लागते, त्यामुळे दोन लिंक हाताशी ठेवा. सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारलं तर दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ वाचतो.

हत्यारांत जॅकबरोबर दोन चांगले स्टँड, चाकांना लावायला ठोकळे, टॉर्क रेंच, गोटी पाने आणि वाकडा रिंग पाना, ॲलन कीचा संच, वायर ब्रश, रंगाचा मार्कर आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर भाड्याने आणणार असाल तर आटे नीट पाहा. आटे झिजलेला, हुक वाकलेला किंवा हुकाला अडकवायची सुरक्षा पिन हरवलेला कॉम्प्रेसर परत करा. टेबलाला किंवा भिंतीला बसवलेला, वरून-खालून पकडणारा मिळाला तर उत्तम.

पुढची बाजू

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या. दोन्ही बाजू एकदम उचललेल्या बऱ्या, कारण एक चाक खाली आणि एक वर असेल तर स्टॅबिलायझर बार पीळ घेऊन बसतो आणि लिंक निघता निघत नाही.

ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटला क्लिपने बांधलेली असते, ती आधी सोडवा. मग लिंक. तिचा बॉल नटाबरोबर फिरतो म्हणून पिनच्या टोकाला ॲलन कीने धरून पान्याने नट काढा. नकल आणि स्ट्रट जोडणाऱ्या दोन बोल्टांभोवती मार्करने रेघ ओढा. त्या भोकांत थोडी मोकळीक असते आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) तिथेच ठरतो. परत जोडताना रेघ जुळवली तर अलाइनमेंटपर्यंत गाडी नेण्याइतकी सरळ चालते. काही गाड्यांत दोन बोल्ट नसून स्ट्रटचा खालचा नळ नकलच्या फटीत बसतो. तिथे फट उघडणारं हत्यार लागतं, छिन्नी ठोकून फट उघडली तर नकलला तडा जाऊ शकतो.

बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्याला तारेने किंवा जॅकने आधार द्या. नाहीतर सगळं वजन ब्रेक होजवर येतं, आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जाऊन गिअरबॉक्सच्या बाजूने निसटतो. ही या कामातली सर्वांत महागात पडणारी बारीकशी चूक. आता बॉनेटखाली वरच्या माउंटचे दोन किंवा तीन छोटे नट काढा आणि स्ट्रट खालून धरून बाहेर घ्या. मधला मोठा नट या टप्प्यावर अजिबात सोडवायचा नाही.

बाहेर आलेल्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग दबलेलीच असते. वरच्या उदाहरणात ५५ मिमी गुणिले २०, म्हणजे ११०० न्यूटन. म्हणजे मधल्या त्या एका नटाने ११० किलोच्या आसपास जोर अडवून धरलेला आहे. कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर, अर्ध्या वर्तुळाच्या अंतरावर लावा, शक्य तितके जास्त वेढे पकडा, आणि एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन फेरे असं दाबत जा. एकच बाजू भरभर दाबली तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक सरकतो. कॉम्प्रेसरवर इम्पॅक्ट गन चालवू नका, आटे तापून अडकतात किंवा सोलून निघतात. स्ट्रटचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे ठेवू नका. स्प्रिंग बैठकीत हाताने हलायला लागली की पुरे झालं, त्याहून जास्त दाबायची गरज नसते.

उलगडण्याआधी वरच्या माउंटचे बोल्ट आणि खालचा ब्रॅकेट एकमेकांच्या कुठे आहेत याची खूण करा. मग दांड्याचं टोक ॲलन कीने धरून वाकड्या रिंग पान्याने मधला नट काढा. इथेही इम्पॅक्ट गन नको, दांडा आत गरागरा फिरतो आणि सील व पिस्टन खराब होतात. दांडा फिरतो म्हणून त्याला पक्कड लावणं तर त्याहून वाईट. गुळगुळीत क्रोमवर पडलेला एक ओरखडा काही महिन्यांत तेल गळवतो.

मोकळा शॉक उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करा. विरोध एकसारखा हवा. मध्येच पोकळ लागला किंवा तेलाचा ओलावा दिसला तर तो शॉक परत बसवू नका.

आता बंप स्टॉप. बहुतेक लोक हा टप्पा टाळतात आणि मग स्प्रिंग फारच कडक आहे अशी तक्रार करतात. मूळ उंचीवर बंप स्टॉप आणि शॉकचं डोकं यांच्यात समजा ३५ मिमी अंतर होतं. गाडी ३५ मिमी खाली आली म्हणजे स्टॉप उभ्या गाडीतच टेकला. आता प्रत्येक बारीक खड्ड्याला स्प्रिंगबरोबर फोमही दबतो आणि रेट एकदम कित्येक पटीने वाढतो. संचाच्या कागदावर किती कापायचं ते दिलेलं असतं, सहसा १५ ते ३० मिमी. धारदार सुरीने खाचेच्या जागी सरळ कापा. निमुळतं टोक राखा, कारण ते आधी दबतं आणि धक्का हळूहळू वाढवतं. जाड बाजूने कापताना माउंटमध्ये किंवा डस्ट कव्हरमध्ये अडकणारा भाग जात नाही ना ते पाहा. स्टॉप पूर्ण काढून टाकणं हा उपाय नाही. मग शॉकचा पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि टायर फेंडरच्या आतल्या पत्र्याला लागतो. कागदावर कापायला सांगितलं नसेल तर नवीन आखूड स्टॉप संचातच असतात, किंवा मूळ स्टॉप चालतो असं गृहीत धरलेलं असतं. मनाने कापू नका.

नवी स्प्रिंग बसवताना तिच्यावरची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत. उलटी बसवली तरी ती बसल्यासारखी दिसते, पण टोकाचा आकार बैठकीशी जुळत नाही. खालच्या बैठकीत एक पायरी असते, स्प्रिंगचं टोक त्या पायरीला टेकलेलं किंवा काही मिमीवर हवं. रबर पॅड वाळूकणांसकट परत घातले तर स्प्रिंगचा रंग घासला जातो, गंज चढतो आणि पुढे नेमकी तिथेच ती तुटते. म्हणून बैठक ब्रश करून, पुसून मगच पॅड ठेवा. नवी स्प्रिंग आखूड असल्याने बहुधा थोडीच दाबावी लागते. क्रम असा: बंप स्टॉप, डस्ट कव्हर, वरची बैठक, बेअरिंग, माउंट, नवा नट. बेअरिंगची वरची-खालची बाजू ठरलेली असते, उलटं गेलं तर स्टिअरिंग जड होतं आणि सोडल्यावर मध्यावर परत येत नाही. नट टॉर्कला आवळा, मगच कॉम्प्रेसर आळीपाळीने सैल करा.

टॉर्कचे आकडे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलेच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर छोट्या गाड्यांत मधला नट साधारण ४० ते ७० न्यूटन-मीटर, नकलचे बोल्ट ८० ते १२० किंवा काहीत त्याहून जास्त, चाकांचे नट ८५ ते १२०. वरच्या माउंटचे छोटे नट मात्र २०-३० च्या घरात असतात, आणि त्यांचे आटे उत्साहात सोलले जातात.

मागची बाजू

मागचं काम सोपं. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, पहिला गिअर घाला, मागची बाजू स्टँडवर घ्या. बीमखाली जॅक लावून थोडा भार घ्या, दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. हा बोल्ट काढताना जॅकचा आधार नसेल तर बीम झटक्यात खाली येतो. उतरवताना ब्रेकचे होज, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना हे दोन्हीकडून पाहत राहा, गरज पडली तर क्लिप सोडा. पुरेसं उतरलं की स्प्रिंग हाताने निघते.

खालच्या वाटीत चिखल, खडे साचलेले असतात, ते साफ करा. नवी स्प्रिंग घालताना टोक वाटीतल्या खाचेला जुळवा, पॅड घाला, बीम वर घ्या. डावी-उजवी एकच असली तरी पुढची आणि मागची वेगळी असते, हे नंबर बघूनच ठरवा. मागचा बंप स्टॉप कधी स्प्रिंगच्या आत बॉडीला असतो, कधी शॉकच्या दांड्यावर. नियम तोच, कागदावर असेल तेवढाच कापायचा. बोल्ट लावल्यावर जॅक काढून चाकं लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून पाहा. ती फिरत किंवा वाटीतून उचलली जात असेल तर हा संच या शॉकबरोबर चालणार नाही. तारेने किंवा झिप टायने बांधून वेळ मारून नेणाऱ्यांची स्प्रिंग भर रस्त्यात जागा सोडते.

काही जुन्या छोट्या गाड्यांत मागच्या बीमला एक दांडी किंवा छोटी स्प्रिंग लावून ब्रेकचा व्हॉल्व्ह जोडलेला असतो. मागचा भार वाढला, म्हणजे बॉडी खाली आली, की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी लोअर केली की त्याला ती कायम भरलेलीच वाटते. मग रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि शेपूट बाजूला फेकली जाते. तुमच्या गाडीत असा व्हॉल्व्ह असेल तर दांडीची लांबी मॅन्युअलप्रमाणे नव्या उंचीला जुळवून घ्या. ते न करता गाडी रस्त्यावर आणू नये.

आवळणी आणि अलाइनमेंट

रबर बुशचे बोल्ट चाकं लोंबलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. लोअर आर्म, बीमचे पुढचे पिव्हट, शॉकचे खालचे डोळे, या सगळ्यांतलं रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पीळ घेतं. ज्या स्थितीत बोल्ट आवळला ती त्याची विश्रांतीची स्थिती. बीमचा हात ४०० मिमी लांब धरला तर ३५ मिमी उंची कमी होणं म्हणजे पिव्हटला सुमारे ५ अंश पीळ. म्हणून स्प्रिंगसाठी या बोल्टांना हात लावावा लागला नसला तरी एकदा ते सैल करून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून नव्या उंचीवर परत आवळायचे. त्यासाठी रॅम्प किंवा चारही चाकांखाली मजबूत ठोकळे हवेत. हे केलं नाही तर दोन गोष्टी होतात: गाडी ठरल्यापेक्षा ५-१० मिमी वर राहते, आणि बुश लवकर फाटतात.

पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये स्प्रिंग आणि पॅड आणखी काही मिमी बसतात. अलाइनमेंट त्यानंतर पक्की करावी, पण तोवर टो (वरून पाहता चाकं आत की बाहेर वळलेली आहेत ते) साफ बिघडलेला ठेवू नये. काम झाल्यावर लगेच टो ढोबळ लावून घ्या आणि बसल्यावर पूर्ण तपासणी करा. पुढचा कॅम्बर साधारण अर्धा ते एक अंश उणे होतो. टायर आतून खाल्ले जातात याचं खापर कॅम्बरवर फोडलं जातं, पण टायर भरभर संपवतो तो टो. टाय रॉडचा कल बदलल्याने टो नक्की हलतो, आत की बाहेर हे स्टिअरिंग रॅक चाकांच्या मध्यरेषेपुढे आहे की मागे यावर ठरतं. क्रम महत्त्वाचा: आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर बदलला की टो हलतो. दीड अंश उण्यापर्यंतचा कॅम्बर रोजच्या वापरात चालतो. त्यापुढे गेला किंवा डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहिला तर कॅम्बर बोल्ट लावावे लागतात. मागे टॉर्शन बीममध्ये कॅम्बर आणि टो उंचीने फारसे बदलत नाहीत. तिथे आकडे वेडेवाकडे आले तर बीम आधीपासून वाकलेला असतो.

हेडलाइट शेवटी लावा. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उतरली असेल तर प्रकाश जवळ पडतो, मागची जास्त उतरली तर समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपोआप उंची जुळवणाऱ्या दिव्यांना सस्पेन्शनवर सेन्सरची दांडी असते, तिला नवी शून्य स्थिती द्यावी लागते. पुढे रडार किंवा कॅमेरा असलेल्या गाडीत त्यांचं कॅलिब्रेशन तपासून घ्या. विमा आणि नोंदणीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते स्प्रिंग विकत घेण्याआधी विचारायचे.

आवाज आले तर

पहिली फेरी संथ, काचा खाली, रेडिओ बंद. त्याआधी उभ्या गाडीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून होज आणि वायर कुठे घासत नाहीत ना ते पाहा.

स्टिअरिंग वळवताना ‘टंग’ असा आवाज आला तर स्प्रिंग पीळ घेऊन सुटते आहे: बेअरिंग नीट बसलेलं नाही, उलटं आहे किंवा टोक पायरीत नाही. बारीक खड्ड्यांवर ‘खट खट’ येत असेल तर आधी लिंकचे नट, मग मधला नट पाहा. लिंकचे नट बरोबर असूनही आवाज राहिला तर स्टॅबिलायझर बारचा कल बदलून तो किंवा लिंक जवळच्या एखाद्या भागाला लागते आहे का ते चाक पूर्ण वळवून तपासा. त्यावर किंचित आखूड लिंक हा उपाय असतो. प्रत्येक उंचवट्याला एकच मऊ पण घट्ट ‘धप्’ म्हणजे बंप स्टॉप टेकतोय. ओळखायचं कसं? दांड्यावर ग्रीसचा पातळ थर किंवा सैलसर झिप टाय लावून फेरी मारा, टाय जिथे सरकून थांबला तिथपर्यंत दांडा आत गेला. चार माणसं बसवून भरल्या गाडीत चाकाच्या आतल्या पत्र्यावर ताजी घास दिसली, तर स्टॉप जास्त कापला गेला आहे आणि नवा घ्यावा लागेल. गाडी हळू चालवताना मागून येणारी करकर बहुधा पॅड नसल्याची किंवा वेढे एकमेकांवर घासल्याची असते. मऊ वेढ्यांवर चढवायची प्लास्टिकची नळी अनेक संचांत येते आणि खोक्याच्या तळाशीच विसरली जाते.

५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट आणि स्ट्रटचे वरचे छोटे नट टॉर्क रेंचने परत तपासा. बसल्यानंतर फेंडरचे चारही आकडे पुन्हा घ्या. एकाच धुरीवर डाव्या-उजव्यात ५ मिमीपर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त दिसला तर आधी बुशचे बोल्ट सैल करून गाडी जमिनीवर परत आवळा आणि पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर त्या बाजूची स्प्रिंग काढून टोक पायरीत आहे का, पॅड दुमडलाय का ते पाहा.